मंदीची खोली मोजताना

अर्थव्यवस्थेतील तेजी-मंदीच्या आवर्तनाला व्यापारचक्र म्हणतात; त्यातील सर्वोच्च बिंदू म्हणजे शिखर, सर्वांत खालचा बिंदू म्हणजे तळ आणि शिखरापासून तळापर्यंतची उतरण म्हणजे मंदी. अमेरिकेत शिखर आणि तळाच्या तारखा १९२० साली स्थापन झालेली नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही खासगी संस्था ठरवते. तिच्या कालगणनेत ऑक्टोबर १८७३ ते मार्च १८७९ ही ६५ महिन्यांची मंदी सर्वांत दीर्घ आहे आणि १९२९ ची महामंदी ४३ महिन्यांची आहे. तरीही तीव्रतेत पहिला क्रमांक महामंदीचाच लागतो, कारण तीव्रता ठरवताना कालावधीबरोबर घट किती खोल गेली आणि किती क्षेत्रांत पसरली हेही पाहावे लागते.

खरी अडचण आहे ती खोली मोजण्याची. अमेरिकेत बेरोजगारीची मासिक पाहणी १९४० मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीचे वार्षिक आकडे स्टॅन्ली लेबरगॉट यांनी दर दहा वर्षांच्या जनगणनांमधील अंतर अनुमानाने भरून काढून तयार केले, आणि तसे करताना अनेक उद्योगांत उत्पादनाच्या प्रमाणातच रोजगारही घटतो असे गृहीत धरले. प्रत्यक्षात मंदीत कामाचे तास कमी होतात, पण सगळ्यांच्याच नोकऱ्या जात नाहीत. शिवाय हताश झालेले काही जण काम शोधणेच सोडतात आणि बेरोजगारांच्या गणनेतून बाहेर पडतात. त्यामुळे जुने आकडे बेरोजगारीचे चढउतार फुगवून दाखवत असावेत, अशी शंका येते.

१९८६ मध्ये क्रिस्टिना रोमर यांनी या शंकेची जी कसोटी घेतली ती अर्थशास्त्रातील अत्यंत कल्पक प्रयोगांपैकी एक मानायला हवी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळाचे अचूक आकडे उपलब्ध असूनही त्यांनी त्याच काळासाठी जुन्या, ओबडधोबड पद्धतीने मुद्दाम नवे आकडे तयार केले, तेव्हा स्थिर समजला जाणारा तो काळही पूर्वीइतकाच हेलकावे खाताना दिसू लागला. उलट, जुन्या काळाची फेरमांडणी केल्यावर १८९४ सालची बेरोजगारी लेबरगॉट यांच्या सुमारे १८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांच्या आसपास उतरली.

या निष्कर्षाला नेथन बाल्की आणि रॉबर्ट गॉर्डन यांनी १९८९ मध्ये आव्हान दिले. वाहतूक, दळणवळण व बांधकामाची समकालीन माहिती वापरून राष्ट्रीय उत्पादनाचा अंदाज घेतल्यास जुने चढउतार पारंपरिक आकड्यांइतकेच मोठे ठरतात, असे त्यांनी दाखवले. एकोणिसाव्या शतकातील मंदींची क्रमवारी त्यामुळे पक्की मानता येत नाही. महामंदीचे स्थान मात्र या वादाने हलत नाही, कारण १९२९ ते १९३३ दरम्यान अमेरिकेचे वास्तव उत्पादन पाव हिश्शाहून अधिक घटले आणि तेवढी घसरण त्यानंतरच्या कोणत्याही शांतताकालीन मंदीत झालेली नाही.