बोअरचं पाणी आणि साठ हजारांचा दाब

लेखमाला ‘शेडमधली यंत्रं’ : भाग नववा

मागच्या आठवड्यात प्लाझ्मा कटिंगवर लिहिलं, त्यावर पिंपळनेरच्या एका फॅब्रिकेटरभाऊंचा फोन आला. “भाऊ, पाण्यानं लोखंड कापतात म्हणे. खरं से का?” मी म्हटलं, खरं आहे. लगेच पुढचा प्रश्न: “मग घेऊन टाकू का?” त्यांच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या होतात, कांदाचाळीचे सांगाडे होतात, गेट-ग्रिल होतात आणि सुगीच्या आधी वखराच्या पासांची रांग लागते. हा भाग त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी दाब समजून घेऊ. पंक्चरवाला मोटरसायकलच्या चाकात तीस-बत्तीस हवा भरतो, म्हणजे ३०-३२ पीएसआय. वॉटरजेटचा पंप पाण्याला त्याच मापात ६०,००० पर्यंत दाबतो. बारमध्ये सांगायचं तर सुमारे ४,०००. हे पाणी नीलम किंवा हिऱ्याच्या खड्यातल्या एक तृतीयांश मिलिमीटरच्या छिद्रातून सुटतं, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास जातो, आवाजाच्या अडीच पट. नुसती ही धार रबर, फोम, पुठ्ठा कापते. पोलाद कापायला त्यात वाळू लागते. छिद्राच्या खालच्या कप्प्यात ही धार गार्नेटची वाळू स्वतःच ओढून घेते आणि टंगस्टन कार्बाइडच्या नळीतून दोन्ही एकत्र बाहेर पडतात. कापायचं काम दाणे करतात, पाणी त्यांना पळवतं. धारेत वाळू घालायची ही युक्ती अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोहम्मद हशीश या इंजिनिअरने वापरात आणली.

ही वाळू म्हणजे पांझरेची वाळू नव्हे. हा प्रश्न मला दोनदा विचारला गेला आहे, म्हणून स्पष्टच सांगतो. नदीच्या वाळूत सिलिका असते. तिची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. शिवाय दाणे एका मापाचे नसतात, नळी तुंबते. गार्नेट आपल्याकडे तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून निघतं. धुऊन, चाळून, ८० मेशचं पोत्यात भरून येतं. तेच घ्यायचं.

आता काम कोणतं? वॉटरजेटचा खरा गुण एकच: धातू तापत नाही. गॅसने किंवा प्लाझ्माने ईएन-८ ची जाड प्लेट कापून बघा. कड निळी-काळी पडते आणि कडक होते, मग तिथे भोक पाडायला गेलं की ड्रिल चरचरतं, टॅप मोडतो. ट्रकच्या पाट्यातून हत्यार काढायचं असेल तर आगीने त्याचं पाणीच उतरतं. वॉटरजेटच्या कडेला हे काहीच होत नाही. कड खरवडल्यासारखी, हाताला बारीक पॉलिशपेपरसारखी लागते, आणि लगेच टॅपिंगला घेता येते. दगड, काच, तांब्या-पितळेची प्लेट, जाड ॲल्युमिनियम, रबराचं गॅस्केट, सगळं त्याच नळीखाली कापता येतं. एक अपवाद लक्षात ठेवा: टफन केलेली काच कापायला गेलात तर तिचे मुरमुरे होतात.

आणि किंमत? ती वेळेत मोजायची. २५ मिलिमीटर जाडीच्या पोलादाला चांगली कड हवी असेल तर ५० एचपीचा पंप मिनिटाला पाच-सहा सेंटिमीटर चालतो. तीन मिलिमीटरचा पत्रा फायबर लेझर मिनिटाला काही मीटर कापतो. म्हणजे ग्रिलचं नक्षीकाम, गेटचे पॅनेल, ट्रॉलीचे गसेट या कामांत वॉटरजेट लेझरपुढे कधीच टिकणार नाही, आणि साध्या लोखंडाच्या जाड प्लेटला प्लाझ्मा किंवा गॅस स्वस्तात पडतो.

भाऊंना मी कागद-पेन घ्यायला लावलं. गार्नेट मिनिटाला ३५० ग्रॅम धरा. तासाला २१ किलो. रोज पाच तास धार चालली तर १०५ किलो, आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर अडीच टनांच्या वर. २५ मिलिमीटरच्या प्लेटवर मीटरभर कड कापायला वीस मिनिटं, म्हणजे सात किलो गार्नेट. पोत्यामागे वाहतूक धरून पिंपळनेरच्या दारात जो भाव पडेल, त्याने गुणा. त्यात ३७ किलोवॉटच्या मोटरचं वीजबिल घाला, कार्बाइडची नळी साधारण शंभर तासांत झिजते ती घाला, पंपाचे सील घाला. मशीनचा हप्ता सगळ्यात शेवटी. बहुतेक जण हप्त्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

जेवढं गार्नेट टाकीत जातं तेवढंच गाळ होऊन बाहेर काढावं लागतं, हेही कोणी सांगत नाही. महिन्याला अडीच टन ओला गाळ, त्यात कापलेल्या धातूचा कीस. तो आपोआप बाहेर काढणारी यंत्रणा नसेल तर पोरं फावड्याने उपसतात आणि तेवढा वेळ मशीन बंद. हा गाळ टाकायचा कुठे, हे मशीन घेण्याआधी ठरवा. पांझरेच्या पात्रात नाही. या नदीवरच्या बंधाऱ्यांतून फडाच्या पाटांनी शेकडो वर्षं पाणी शेतात जातंय; आपल्या शेडचा कीस त्या पाटात जाऊ देणं मला तरी मान्य नाही.

आता त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हा भाग लिहायला घेतला. पाणी.

उन्हाळा संपल्यावर कूलर उघडून बघा. जाळीवर, पंपाच्या तोंडावर, ट्रेच्या काठाला पांढरा थर चढलेला असतो, नखाने निघत नाही इतका घट्ट. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यातले हे क्षार. तेच पाणी एक तृतीयांश मिलिमीटरच्या छिद्रातून जाणार आहे. क्षाराचा एक कण नीलमच्या काठाला बसला की धार सरळ पडत नाही, फाटते. धार फाटली की कार्बाइडची नळी एका बाजूने झिजते आणि कड तिरकी येते. ऑपरेटर गार्नेटला दोष देतो, गार्नेटवाला पंपाला. एका शेडमध्ये मी हे तीन महिने चाललेलं पाहिलं. शेवटी कोणीतरी पाणी तपासलं.

म्हणून मशीनचं कोटेशन मागवण्याआधी बोअरच्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत द्या. टीडीएस, कठीणपणा आणि विरघळलेली सिलिका हे तीन आकडे घ्या आणि पंपवाल्याकडून त्याची मर्यादा लेखी घ्या. सॉफ्टनर लागेल की आरओ, ते त्यावर ठरेल. आरओचं फार शुद्ध पाणीही घालू नये, ते पंपातल्या पोलादाला खातं. पन्नास एचपीच्या पंपाला मिनिटाला चारेक लिटर पाणी लागतं, घरातल्या बादलीच्या मानाने फार नाही. पण आरओ जेवढं पाणी बाहेर फेकतो ते धरूनच टाकी बांधा.

दुसरं, ऊन. पिंपळनेर सह्याद्रीच्या पायथ्याशी, जळगावइतकं तापत नाही. तरी मे महिन्यात छतावरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. पंपाच्या सीलला गरम पाणी सोसत नाही. टाकी जमिनीवर, सावलीत ठेवा.

पंप दोन जातींचे. इंटेन्सिफायरमध्ये तेलाचा दाब साधारण वीस पट वाढवून पाण्याला देतात. तो संथ चालतो, सील बऱ्यापैकी टिकतात, पण तेल तापतं आणि ते गार ठेवायची वेगळी सोय करावी लागते. दुसरा थेट क्रँकशाफ्टवर चालणारा. त्यात मोटरची ताकद जास्त प्रमाणात धारेपर्यंत पोहोचते आणि तेल गार करायचा प्रश्न उरत नाही, मात्र सील वरचेवर बदलावे लागतात. कंपन्यांचे विक्रेते यावर तासभर वाद घालतील. माझं मत साधं आहे: ज्या पंपाचा सील तुमचा स्वतःचा पोरगा तुमच्या शेडमध्ये बदलू शकेल, तो घ्या. नाशिकहून किंवा पुण्याहून माणूस येईपर्यंत दोन दिवस मशीन बंद राहणं परवडणार नाही. डेमोला जाताना त्या पोराला सोबत न्या आणि त्याच्या हाताने सील बदलवून घ्या, विक्रेत्याच्या माणसाच्या हाताने नाही. ९०,००० पीएसआयचा मोह मात्र टाळा. वेग वाढतो खरा, पण त्या दाबाने नळ्या, जोड, सील सगळंच लवकर थकतं.

एक सूचना जीवाची. ही धार बोटाला लागली तर बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं, रक्तही फारसं येत नाही. आत मात्र पाणी आणि वाळू खोलवर घुसलेली असते. हळद लावून पट्टी बांधून कामाला लागू नका. त्याच घटकेला धुळ्याला गाठा आणि डॉक्टरांना सांगा, जास्त दाबाच्या पाण्याने झालेली जखम आहे.

तर भाऊंना मी काय सांगितलं? या वर्षी घेऊ नका. वही करा. पाट्याचं काम, पितळेची अक्षरं, देवळाच्या फरशीतलं कमळ, पंपाचं गॅस्केट, आज तुम्ही “होत नाही” म्हणून परत पाठवता ती प्रत्येक ऑर्डर तिच्यात लिहा. ती कामं घ्या आणि नाशिकला जॉबवर्कवर कापून आणा. गाडीभाडं गेलं तरी गिऱ्हाईक तुमचं होतं आणि भाव किती मिळतो ते कळतं. वहीत रोजची चार-पाच तासांची धार सलग सहा महिने भरली, की मला पुन्हा फोन करा.

तेव्हा डेमोला विक्रेत्याने ठेवलेला ॲल्युमिनियमचा चकचकीत तुकडा कापून घ्यायचा नाही. आपल्या शेडमधली २५ मिलिमीटरची प्लेट आणि काळ्या दगडाची एक फरशी घेऊन जायची. प्लेटमधून १०० मिलिमीटरचं भोक कापायला सांगायचं आणि व्हर्नियर आपल्या हातात धरून वरचं आणि खालचं माप घ्यायचं. घाईने कापलं असेल तर खालचं भोक लहान येईल. मग वेग कमी करायला लावायचा, दोन्ही मापं जुळेपर्यंत. जुळली, की घड्याळाकडे बघून मिनिटं लिहून घ्यायची आणि त्या मिनिटांवरूनच भाव काढायचा.