गाव नसलेले बेट

'खाजगी बेट' हा शब्द ऐकला की एखादा कोट्यधीश, त्याचे विमान आणि त्याचा एकट्याचा समुद्रकिनारा असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु जगात आज खाजगी बेटांचा आणखी एक प्रकार रूढ झाला आहे. ही बेटे प्रवासी जहाजांच्या कंपन्यांच्या ताब्यात असतात, आणि तेथे रोज हजारो सामान्य कुटुंबे सकाळी उतरतात व सायंकाळी परत जातात. रात्री तेथे पाहुणा राहत नाही. ही व्यवस्था काय आहे, ती का निर्माण झाली आणि आपल्यासारख्या खाडीकाठच्या लोकांनी तिच्याकडे कसे पाहावे, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

माझी आतेबहीण नोकरीनिमित्त फ्लोरिडात असते. तिच्या आग्रहामुळे मी आणि माझे आईवडील अशा एका चार रात्रींच्या सफरीवर जाऊन आलो. आमचे घराणे करावे गावचे. खाडी, होडी, भरती-ओहोटी ही आम्हांला नवी नाहीत; पण बारा-तेरा मजली जहाज आम्ही प्रथमच पाहत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज बहामास देशातील एका लहान बेटाच्या धक्क्याला लागले. उतरताना प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड होते. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पैशाचे पाकीट. बेटावर नोटा-नाणी कोणी काढत नव्हते. पांढरी वाळू, ओळीने मांडलेल्या खुर्च्या, मुलांसाठी घसरगुंड्या, जेवणाचे मोठाले मांडव असा सगळा थाट होता. जेवण जहाजावरच्यासारखेच, कारण ते जहाजावरूनच आलेले. वाढणारी माणसेही बहुतेक जहाजावरचीच. त्यांत एक गोव्याचा तरुण निघाला व तो आमच्याशी कोंकणीमिश्रित मराठीत बोलला.

वडील पाण्यात डुंबण्यात रमले. आई मात्र बराच वेळ इकडेतिकडे पाहत होती. शेवटी तिने मला विचारले, "ह्यांचा गाव कुठं हाय रं?" मी सांगितले की येथे गाव नाही. तिला ते पटेना. बेट आहे म्हणजे कोळी असणार, देऊळ असणार, विहीर असणार, मसणवट असणार. यांपैकी तेथे काहीच नव्हते. तिचा तो साधा प्रश्न मला पुढे पुष्कळ वाचायला लावून गेला.

आता थोडा इतिहास पाहू. बहामास हा सुमारे सातशे लहानमोठ्या बेटांचा देश आहे. त्यांपैकी वस्ती आहे ती तीसेक बेटांवर. अमेरिकेच्या मायामी बंदरापासून त्याची सर्वांत जवळची बेटे ऐंशी-नव्वद किलोमीटरांवर आहेत. १९७७ साली नॉर्वेजियन कंपनीने येथील 'ग्रेट स्टिरप के' हे बेट आपल्या प्रवाशांसाठी वापरण्यास सुरुवात केली. जहाज कंपनीचे हे पहिले खाजगी बेट मानले जाते. पुढे इतरांनीही तीच वाट धरली. हॉलंड अमेरिका कंपनीने १९९६ मध्ये 'लिटल सॅन साल्वादोर' विकत घेतले, डिस्नेची जहाजे १९९८ पासून 'गोर्डा के' येथे जाऊ लागली, आणि रॉयल कॅरिबियनने आपल्या 'लिटल स्टिरप के' या बेटावर प्रचंड खर्च करून २०१९ मध्ये तेथे जलक्रीडेची मोठी नगरीच उभारली. त्याच वर्षी एमएससी कंपनीने, पूर्वी समुद्रातली वाळू उपसण्यासाठी तयार केलेल्या एका बेटाचे रूपांतर करून तेही प्रवाशांसाठी खुले केले.

कंपन्यांना बेट का लागते? पहिले कारण कायद्याचे आहे. अमेरिकेत १८८६ चा एक जुना कायदा आहे. त्यानुसार परदेशी निशाणाखालच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेता येत नाहीत. मायामीहून निघून मायामीलाच परत यायचे असेल तर वाटेत एखाद्या परदेशी बंदराला लागावे लागते. बहुतेक क्रूझ जहाजांची नोंदणी बहामास, पनामा अशा देशांत असल्यामुळे हा नियम त्यांना लागू पडतो. कंपनीचे बेट बहामासमध्ये असले की ते परदेश ठरते व नियमाची पूर्तता होते. अंतर थोडे असल्याने जहाज सावकाश जाऊ शकते व इंधनही वाचते.

दुसरे कारण आपल्या अर्थशास्त्राच्या वर्गात सहज शिकवता येईल असे आहे. प्रवासी जेव्हा एखाद्या खऱ्या गावात उतरतो तेव्हा त्याचा पैसा फुटतो. काही टॅक्सीवाल्याकडे, काही शहाळेवाल्याकडे, काही वाटाड्याकडे, काही खानावळीत जातो. कंपनीच्या बेटावर तो फुटत नाही. छत्री, खुर्ची, घसरगुंडी, थंड पेय, सगळ्यांची नोंद गळ्यातल्या त्या एकाच कार्डावर होते आणि ती एकाच वहीत जमा होते. शिवाय गर्दी, घासाघीस, चोरीमारी यांची प्रवाशाला धास्ती नाही. लहान मुले घेऊन आलेल्या कुटुंबाला हा निर्धास्तपणा हवाच असतो, आणि तो आम्हांलाही आवडला हे येथे नमूद केले पाहिजे.

बहामासला यातून काहीच मिळत नाही असेही नाही. सरकारला प्रत्येक प्रवाशामागे कर मिळतो, शेजारच्या बेटांवरील काही लोकांना रोजगार मिळतो. तरीही तेथील नागरिक या प्रश्नावर एकमताचे नाहीत. डिस्ने कंपनीने एल्यूथेरा या वस्ती असलेल्या बेटाच्या टोकाला २०२४ मध्ये आपले नवे ठिकाण उघडले, त्यापूर्वी काही वर्षे तेथे पर्यावरणप्रेमींचा विरोध चालू होता. प्रवाळाच्या समुद्रात धक्का बांधल्यावर मासळीचे काय होईल, आणि ज्या टोकावर आपण आजवर मोकळेपणी जात होतो तेथे पुढे कोणाला विचारून जायचे, असे प्रश्न तेथे विचारले गेले.

वस्तीच्या देशात असे ठिकाण केले तर काय होते याचे उदाहरण हैतीमध्ये दिसते. तेथील उत्तर किनाऱ्यावरील 'लाबादी' हे भूशिर रॉयल कॅरिबियनने १९८६ पासून भाडेपट्ट्याने घेतले. ते बेट नव्हे. त्याच्या मागे हैतीची भूमी सलग पसरलेली आहे. म्हणून तेथे कुंपण आहे. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत महाभयंकर भूकंप झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच प्रवासी जहाज लाबादीला लागले. जहाजाने मदतीचे सामानही आणले होते, आणि जहाज आले नसते तर तेथील विक्रेत्यांचे उत्पन्न बुडाले असते, ही कंपनीची बाजू होती. दुसऱ्या बाजूने जगभर विचारले गेले की, एका देशात प्रेते उचलली जात असता त्याच देशाच्या वाळूवर मेजवानी करावी काय? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु मला वाटते, या वादाचे मूळ त्या कुंपणात होते. अलीकडे पलीकडचे दिसत नसले म्हणजे मन निर्धास्त राहते.

आणखी एक गोष्ट वाचकांच्या लक्षात आली असेल. या बेटांची जुनी नावे जाहिरातीत आढळत नाहीत. 'लिटल स्टिरप के'चे 'कोकोके' झाले, 'गोर्डा के'चे 'कॅस्टअवे के' झाले, 'लिटल सॅन साल्वादोर'चे 'हाफ मून के' झाले. नाव बदलले की जागा नवीकोरी वाटते, जणू तिला भूतकाळच नव्हता. हा प्रकार समजून घ्यायला करावेकरांना बहामासला जावे लागत नाही. आमच्या भागाचे नाव बाहेरच्यांना 'सीवूड्स' म्हणूनच माहीत. रेल्वे स्थानकाच्या पाटीवरही ते आधी येते आणि गावाचे मागाहून.

आता आपल्याकडे वळू. मुंबईहून क्रूझ ही आज कल्पना राहिलेली नाही. कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' जहाज २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून सुरू झाले आणि गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले. गंमत अशी की हेच जहाज १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने मायामीहून बहामासच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांसाठी बांधण्यात आले होते. बहामासची जी पद्धत वर सांगितली तिच्यातच ते वाढले. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी 'क्रूझ भारत मिशन' सुरू केले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मुंबईच्या नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. तेव्हा जहाजे येतील, वाढतील. ती आपल्या किनाऱ्यावर कोणत्या रीतीने थांबतील, हा प्रश्न दूरचा नाही.

यास दोन देशी नमुने आपल्यापुढे आहेत. पहिला लक्षद्वीपचा. २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या ६४,४७३ होती. बाहेरच्या माणसाला तेथे जाण्यास परवाना लागतो. हा नियम १९६७ चा आहे. म्हणजे दार तेथेही आहे, परंतु बहामासच्या कंपनी-बेटावर दाराच्या आत पाहुणा असतो, लक्षद्वीपात आत रहिवासी असतो आणि पाहुणा परवानगी मागून येतो. दुसरा नमुना आपल्या घारापुरीचा. १९८७ मध्ये तेथील लेणी जागतिक वारसा ठरली. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या तिथल्या वस्त्यांना मात्र समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. घारापुरीला गाव आहे, म्हणून तेथे गैरसोय आहे, घासाघीस आहे, पायऱ्यांवर टोप्या-माळांची दुकाने आहेत. पण तेथे खर्चलेला रुपया काही अंशी तरी गावात राहतो, आणि त्या बेटाला भूतकाळ आहे हे कोणी विसरू शकत नाही.

मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-बेलापूर, पनवेल, उरण पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवायचे ठरले. शेते, खाजणे, मिठागरे गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई व नवघर परिसरातील गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. त्याचे साधे सूत्र असे की, ज्याच्या जमिनीवर विकास होतो त्याचा त्या विकासात वाटा असला पाहिजे. हे सूत्र किनाऱ्यालाही लागू करता येईल. करावे गावाशेजारी टी. एस. चाणक्य ही नौकानयनाचे शिक्षण देणारी संस्था आहे. जहाजावरचे अधिकारी घडवणारी विद्या आमच्या वेशीवर आहे, आणि खाडीत पिढ्यान्पिढ्या जाळे टाकणारी माणसे वेशीच्या आत आहेत. उद्या या किनाऱ्यावर पर्यटन आले तर या दोघांनाही त्यात स्थान मिळू शकते.

म्हणून माझे मत असे. पर्यटनाला आंधळा विरोध नको आणि आंधळे स्वागतही नको. कोकण किनाऱ्यावर, खाडीत किंवा बेटावर असा कोणताही प्रकल्प पुढे आला, तर आपण तीन प्रश्न विचारावेत. जागेची मालकी कोणाकडे राहणार? पाहुण्याने खर्चलेल्या पैशांपैकी किती गावात उरणार? आणि जहाज नसलेल्या दिवशी गावच्या पोराला त्या वाळूवर जाता येणार की नाही? या तिन्हींची उत्तरे करार होण्यापूर्वी लेखी मिळाली पाहिजेत. करारानंतर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळायला किती वर्षे लागतात, हे आमच्या वाडवडिलांना चांगले ठाऊक आहे.