रिपोर्ट नॉर्मल, मग हाड का मोडलं?

मागच्या पालकसभेनंतर एका मुलाचे वडील थांबले. कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहेत. त्यांची आई न्हाणीघरात घसरली, खुबा मोडला, मिरजेला ऑपरेशन झालं. खिशातून रिपोर्ट काढून म्हणाले, "सर, रक्तातलं कॅल्शियम ९.४ आहे. नॉर्मल. मग एवढ्याशा पडण्यानं हाड कसं मोडलं?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या पुस्तकात हाड एका पाठात येतं, ऊतींमध्ये. परावटू ग्रंथी दुसऱ्याच पाठात, तक्त्यातल्या एका ओळीत. या दोन्हींचा संबंध आपण वर्गात जोडून देत नाही. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्या जोडणीत आहे.

आधी हाड काय आहे ते पाहू. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवडाभरात ते रबरासारखं वाकायला लागतं. आम्लानं कॅल्शियमचे क्षार विरघळले, मागे कोलॅजन या प्रथिनाचे तंतू राहिले. उलट चुलीत भाजलेलं हाड बोटानं चुरतं, कारण तंतू जळाले आणि नुसते क्षार उरले. घराच्या स्लॅबमध्ये सळई आणि काँक्रीट असतं ना, तसंच हे. वजनानं साधारण दोन तृतीयांश भाग क्षारांचा. (मुलं हा प्रयोग वर्षानुवर्षं विसरत नाहीत. घरी चालत नसेल तर शाळेत करा.)

पण स्लॅब निर्जीव असतो, हाड नाही. हाडाच्या कठीण भागाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की एकात एक गोल वलयं दिसतात. मधल्या नलिकेतून रक्तवाहिन्या आणि चेतातंतू जातात, तिला हॅवर्शियन नलिका म्हणतात. वलयांमधल्या बारीक पोकळ्यांत अस्थिपेशी बसलेल्या असतात आणि केसापेक्षा बारीक वाटांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. लांब हाडांच्या टोकांत, मणक्यांत, खुब्यात आतला भाग जाळीदार असतो.

या बांधकामावर दोन प्रकारचे कामगार कायम असतात. ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड खरवडून काढतात, ऑस्टिओब्लास्ट त्या जागी नवं घालतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दर वर्षी असा बदलतो. किती पाडायचं आणि किती बांधायचं हे ठरवण्यात संप्रेरकांचा मोठा वाटा असतो.

आता रिपोर्टकडे येऊ. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, मोठ्या माणसात जवळपास एक किलो. रक्तात त्या मानानं चिमूटभर. पण स्नायू आकसायला, चेतातंतूंचे संदेश जायला, रक्त गोठायला ते चिमूटभर अगदी ठरलेल्या प्रमाणात लागतं, १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. ते फार घसरलं तर हातापायांना पेटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून रक्तातली पातळी जरा उतरली की गळ्यातल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथी पॅराथॉर्मोन सोडतात. त्यामुळे हाडातून कॅल्शियम सुटतं, मूत्रपिंड ते लघवीतून कमी जाऊ देतं, आणि ड जीवनसत्त्व कार्यक्षम होऊन आतडं अन्नातून जास्त ओढून घेतं.

म्हणजे रक्ताचा हिशेब जुळवायला हाडातून उचल केली जाते. पासबुकावरची शिल्लक कमी होत असते आणि रिपोर्टवर मात्र ९.४ दिसत राहतं.

हे डॉक्टरांनाही सहज उमगलेलं नाही. व्हिएन्नात १९२५ मध्ये फेलिक्स मांडल यांच्याकडे एक ट्राम कंडक्टर होता. हाडं ठिसूळ, वेदना भयंकर. त्या वेळी समज असा की परावटू ग्रंथी कमी पडते म्हणून हाडं खराब होतात. म्हणून मांडल यांनी आधी त्याच्या शरीरात आणखी ग्रंथी बसवून पाहिल्या. फरक शून्य. मग गळा उघडून पाहिला, तर एका परावटू ग्रंथीची गाठ झालेली. ती काढल्यावर वेदना थांबल्या, माणूस हिंडूफिरू लागला. काही वर्षांनी आजार उलटला, पण जास्त संप्रेरक हाडं पोखरतं हे जगाला कळलं.

गंमत म्हणजे हेच संप्रेरक दिवसातून एकदा थोडंसं टोचलं तर हाड वाढतं. टेरिपॅराटाइड नावाचं इंजेक्शन यावरच बेतलेलं आहे. सतत जास्त असणं आणि अधूनमधून येणं, शरीराला दोन्हींचा अर्थ वेगळा लागतो. तक्त्यात कॅल्सिटोनिन उलट काम करतं असं असतं. ते खरं, पण माणसात त्याचा प्रभाव तुलनेनं किरकोळ. त्यावर फार वेळ घालवू नये, असं माझं मत.

आजींच्या बाबतीत तिसरं संप्रेरक महत्त्वाचं, इस्ट्रोजेन. ते पाडणाऱ्या पेशींना आवर घालतं. पाळी थांबल्यावर हा आवर सुटतो आणि पहिली काही वर्षं हाड झपाट्यानं झिजतं. जाळीदार भाग आधी, कारण पेशींना खरवडायला तिथे पृष्ठभाग जास्त मिळतो. म्हणून म्हातारपणी मनगट, मणका आणि खुबा.

त्यांना मी एवढंच म्हटलं, की हाडाची घनता डेक्सा तपासणीत कळते, ड जीवनसत्त्वाची तपासणी वेगळी असते, आणि काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

मग त्यांच्या मुलीबद्दल बोललो. ती दहावीत आहे. हाडांची बहुतेक कमाई विशीच्या आत होते. ड जीवनसत्त्व पुरेसं नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के अंगी लागतं. ते त्वचेत तयार होतं ते उन्हामुळे, आणि पोरगी सकाळी क्लास, दिवसा शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. घरी नाचणी आहे, दूध आहे, तीळही आहेत. ऊन तेवढं नाही. "दुपारच्या सुट्टीत तरी बाहेर खेळायला सोडता का शाळेत?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे त्या सुट्टीत दहावीची जादा तासिका असते.