कोरडे डोळे : खर्च कमी, काळजी जास्त



मागच्या पावसाळ्यात विहाराच्या ओट्यावर आम्ही साखर आणि बीपी तपासणी ठेवली होती. रांगेत एक ताई होत्या, वय पन्नाशीच्या आसपास. घरीच मशीनवर ब्लाऊज आणि फॉल-पिकोची कामे करतात. साखर तपासून झाली, त्या उठल्या, परत बसल्या. पिशवीतून डोळ्यांत टाकायच्या औषधाच्या तीन बाटल्या काढून त्यांनी आमच्यासमोर ठेवल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, यातली कोणती बंद करू? तिन्ही घेणं आता परवडत नाही."

पहिली बाटली कृत्रिम अश्रूंची होती, पण उघडून तीन महिने झालेली. दुसरी डोळ्यांची लाली घालवणारी. तिसऱ्या बाटलीत स्टेरॉइड होते. ती कोणत्याही डॉक्टरांनी लिहून दिलेली नव्हती. मेडिकलमधून आणली, दोन दिवसांत बरे वाटले, म्हणून आठ महिने चालू ठेवली. आम्ही त्यांना त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात नेले. डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. उपचार सुरू झाले, पण एका डोळ्याची कडेची नजर थोडी गेली आहे. ती परत येणार नाही.

या ताईंचा मूळ आजार साधा होता, डोळे कोरडे पडणे. नजर गेली ती चुकीच्या बाटलीमुळे, आणि योग्य औषध थोड्या पैशांत कसे मिळवायचे हे कोणी न सांगितल्यामुळे. म्हणून यावेळी हे पान त्याच विषयाला दिले आहे.

डोळ्यांतून पाणी येते, मग डोळा कोरडा कसा?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. खरे सांगायचे तर, नोकरीच्या सुरुवातीला आम्हालाही तो पडायचा.

आपल्या डोळ्यांवर अश्रूंचा एक पातळ थर सतत पसरलेला असतो. त्यात पाणी असते, पाणी उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचा पापुद्रा असतो आणि पाणी बुबुळाला धरून राहावे म्हणून खाली चिकट द्रव असतो. तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींमधून येते. या ग्रंथी तुंबल्या की तेल कमी पडते आणि पाणी लगेच सुकते. काही जणांत पाणीच कमी तयार होते. डोळा सुकला की तो चुरचुरतो, आणि मग शरीर एकदम पाणी सोडते. ते पाणी गालावर ओघळते, पण डोळ्यांवर टिकत नाही. म्हणजे पाणी गळणारा डोळासुद्धा कोरडा असू शकतो.

लक्षणे अशी : डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, जळजळ, लाली, संध्याकाळी त्रास वाढणे, सकाळी पापण्या चिकटणे, आणि मध्येच धूसर दिसून पापणी मिटल्यावर परत स्वच्छ दिसणे.

आपल्या घरांत हा त्रास का दिसतो?

वय वाढले की अश्रू कमी होतात. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर हा त्रास जास्त दिसतो. मधुमेह, थायरॉइड आणि संधिवात असलेल्यांना तो होतो. सर्दी-खाजेसाठी घेतलेल्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या आणि मनाच्या आजाराची काही औषधे यांनीही डोळे कोरडे पडतात. अशी औषधे स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही काही महिने हा त्रास होऊ शकतो.

दुसरे कारण कामाचे. बोलत-चालत असताना आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. सुईत दोरा ओवताना, मशीनवर टीप मारताना किंवा मोबाईल पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली जाते. पापणी मिटली नाही तर अश्रूंचा थर पसरत नाही.

तिसरे कारण जागेचे. पत्र्याची खोली, चुलीचा धूर, कोपऱ्यावर जळणारा कचरा, रस्त्याची धूळ आणि रात्रभर तोंडावर फिरणारा टेबलफॅन. हे सगळे अश्रू सुकवते.

एक गोष्ट मात्र वेगळी लक्षात ठेवा. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडे पडत असेल, सुका घास पाण्याशिवाय गिळत नसेल आणि सांधे दुखत असतील, तर हा त्रास फक्त डोळ्यांचा नसू शकतो. शरीरातील रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर हल्ला करते, असा एक आजार आहे. त्याला जोग्रेन म्हणतात. डॉक्टरांना डोळे, तोंड आणि सांधे या तिन्ही तक्रारी एकत्र सांगा.

तपासणी साधी आहे

यासाठी मोठ्या मशीनची गरज बहुतेक वेळा लागत नाही. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी ५ मिनिटे ठेवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर डोळा बराच कोरडा आहे. दुसऱ्या तपासणीत डोळ्यांत रंगाचा थेंब टाकून अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो ते पाहतात. १० सेकंदांच्या आत फुटला तर तो टिकत नाही असे समजतात. तपासणीला गेलात की डोळ्यांचा दाबही मोजायला सांगा.

आधी बिनपैशाचे उपाय

हा आजार बहुतेक वेळा मधुमेहासारखा असतो. तो समूळ जात नाही, पण रोजच्या सवयीने आटोक्यात राहतो. म्हणून रोज करता येईल आणि परवडेल असेच उपाय आधी धरा.

शेक : स्वच्छ सुती फडके हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटे ठेवा. फडके दोन मिनिटांत गार होते, ते परत परत भिजवा. उष्णता आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, कडेच्या दिशेने हलकी चोळा. तुंबलेले तेल मोकळे होते. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पापण्यांची कड पुसून घ्या. रोज करा, दोन-तीन आठवड्यांत फरक कळू लागेल.

विश्रांती : दर २० मिनिटांनी २० सेकंद मान वर करून २० फूट लांब पाहा. गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली तरी चालेल. त्या वेळात पापण्या पूर्ण मिटा-उघडा.

हवा : पंख्याचे तोंड पायांकडे फिरवा. दुचाकी किंवा रिक्षा चालवताना साधा गॉगल लावा. चूल असेल तर दार-खिडकी उघडी ठेवा. विहारात वंदनेला बसताना अगरबत्तीचा धूर तोंडावर येणार नाही अशी जागा घ्या.

बाटलीचा हिशेब

कोरड्या डोळ्यांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे कृत्रिम अश्रू. त्यातल्या मुख्य औषधाचे नाव कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज. नाव लांब आहे, कागदावर लिहून घ्या. हे औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या किमतींना विकतात. औषध तेच, टक्केवारी तीच (बहुधा ०.५ टक्के), फक्त खोक्यावरचे नाव वेगळे. जनऔषधी केंद्रात आधी विचारा. दोन खोक्यांची तुलना करताना किती मिलिलिटरला किती रुपये ते पाहा. ५ मिलिलिटरची बाटली स्वस्त दिसते, पण पुष्कळदा महाग पडते.

आता थेंबांचा हिशेब करू. १ मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब येतात. म्हणजे १० मिलिलिटरच्या बाटलीत २००. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, दिवसातून ४ वेळा टाकला तर रोजचे ८ थेंब होतात. बाटली २५ दिवस जाते. आपण काय करतो? "एकाने काय होणार" म्हणून दोन-दोन टाकतो. डोळ्यांत एक पूर्ण थेंबही मावत नाही, दुसरा गालावर येतो. बाटली बारा दिवसांत संपते आणि महिन्याचा खर्च दुप्पट होतो. फायदा मात्र तेवढाच.

थेंब असा टाका : हात धुवा. मान मागे करा किंवा आडवे व्हा. खालची पापणी ओढून खळगा करा, त्यात एकच थेंब. बाटलीचे टोक डोळ्यांना लागू देऊ नका. डोळे हलके मिटून एक-दोन मिनिटे राहा. दुसरे औषध टाकायचे असेल तर मध्ये ५ ते १० मिनिटे जाऊ द्या. बाटली उघडलेली तारीख खोक्यावर लिहा. महिना झाला की शिल्लक असली तरी फेकून द्या, खोक्यावर वेगळी मुदत असेल तर ती पाळा. घरात एकच बाटली सगळ्यांनी वापरू नये.

बाटलीतले औषध खराब होऊ नये म्हणून त्यात टिकाऊ द्रव्य घालतात. त्यातले बेन्झॅल्कोनियम क्लोराइड हे द्रव्य वारंवार वापरल्यास डोळ्यांना त्रास देते. दिवसातून ४ पेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर हे द्रव्य नसलेले औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते महाग असते. पण आधी शेक आणि विश्रांती नेमाने केली, तर पुष्कळांना चार वेळांवर भागते.

त्रास जास्त असेल तर डॉक्टर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. त्याचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि सुरुवातीला ते झोंबते. एक बाटली वापरून "गुण नाही" म्हणून सोडले तर पैसे वाया जातात. सुरू करण्याआधीच डॉक्टरांना स्पष्ट विचारा : किती महिने, महिन्याला किती खर्च, आणि स्वस्त पर्याय आहे का? हे विचारण्यात लाज कसली? तो आपला हक्क आहे.

यावर पैसे घालवू नका

लाली घालवणारे थेंब : शिरा आवळून डोळा पांढरा दिसतो, कोरडेपणा तसाच राहतो. रोज वापरले तर लाली उलट वाढते.

स्टेरॉइडचे थेंब : डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन ही नावे खोक्यावर शोधा. डॉक्टर कधी कधी थोड्या दिवसांसाठी ती देतात, त्यात चूक नाही. पण आपल्या मनाने महिनोन्महिने टाकली तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. कोणी बराच काळ वापरत असेल तर या आठवड्यातच डोळ्यांचा दाब तपासून घ्या.

ओमेगा-३ च्या कॅप्सूल : अमेरिकेत ५०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, २०१८ साली, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल यांत फरक आढळला नाही. जवसाची चटणी, बोंबील, बांगडा आवडीने खा, पण डोळ्यांसाठी कॅप्सूलवर महिन्याचे पैसे घालू नका.

मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस, अंगावरचे दूध, सुरमा : यातले काहीही डोळ्यांत नको. जंतुसंसर्ग होतो, आणि काही सुरम्यांत शिसे असते.

उपचार कुठे घ्यायचा?

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महानगरपालिकेच्या दवाखान्यांचे नियम वेगळे असतात, तिथे केसपेपर काढताना विचारा. एखादे औषध शिल्लक नसेल तर तसे केसपेपरवर लिहून द्यायला सांगा आणि तो कागद जपून ठेवा. अशा पाच-दहा कागदांवर वस्तीतर्फे एकत्र अर्ज करता येतो. एकट्या बाईने केलेली तक्रार विसरली जाते, मंडळाची तक्रार टेबलावर राहते.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथे समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा.

याला मात्र थांबू नका

अचानक कमी दिसणे, डोळा ठणकणे, उजेड सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका, पू, डोळ्यांत लोखंडाचा कण किंवा चुना जाणे. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. चुना किंवा ॲसिड गेले तर आधी स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटे सतत डोळा धुवा, मग निघा.

आपल्या घरांत आधी मुलांच्या वह्या, मग घरधन्याचे औषध, आणि उरले तर बाईच्या डोळ्यांचे. त्या ताईंनीही आठ महिने तपासणी टाळली ती एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून. आता त्या दोन बाटल्या वापरतात, एक दाबाची आणि एक कृत्रिम अश्रूंची. दोन्ही खोक्यांवर तारीख लिहिलेली असते. मशीनशेजारी त्यांनी घड्याळ लावले आहे. दर वीस मिनिटांनी त्या सुई थांबवून दाराबाहेर पाहतात.

पुढच्या पौर्णिमेला विहारात येताना घरातल्या डोळ्यांच्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा. आम्ही बसून एकेक खोके वाचू.