घरात मुंग्यांची रांग लागली? आधी ओल शोधा, शेतातलं औषध घरात आणू नका

ज्वारीची काढणी उरकली, हरभरा घरात आला आणि ऊन चढायला लागलं की आपल्या भागात घरोघरी एकच तक्रार सुरू होते. साखरेच्या डब्यात मुंग्या, पिठाच्या डब्याभोवती मुंग्या, रात्री अंथरुणात मुंग्या. परंडा, भूम, वाशी, कळंब, कुठंही जा. रानातली पत्र्याची वस्ती असो की गावातलं माळवदाचं घर, मार्च ते मे हा त्रास वाढतोच. बायामाणसं साखरेला दोष देतात. पण साखर तर श्रावणातही घरात असते. मग उन्हाळ्यातच एवढ्या मुंग्या का?

कारण रानातच आहे. रब्बीच्या पिकावर मावा असतो. मावा जो गोड चिकटा सोडतो तो मुंग्यांचं आवडतं खाणं. पीक निघालं की मावा गेला, चिकटा गेला. वरून जमीन भेगाळते, ओल खाली जाते. मुंगीचा जीव बारीक, अंगातलं पाणी लवकर सुकतं. मग ती गारवा आणि पाणी हुडकत निघते. उन्हाळ्यात हमखास ओल कुठं? माठाखाली, मोरीत, नहाणीच्या दगडापाशी, कूलरच्या टाकीखाली आणि गोठ्यातल्या हौदाजवळ. पाण्यासाठी आलेल्या मुंगीला साखर वाटेत सापडते.

एका मुंगीला खाणंपिणं सापडलं की ती परत जाताना जमिनीवर वासाची रेघ ओढत जाते. मागच्या मुंग्या त्याच वासावर येतात. म्हणून रांग नुसती झाडून काढली तर तासाभरात पुन्हा लागते. झाडलेल्या मुंग्या गेल्या, पण वाट तिथंच राहिली. साबणाच्या पाण्याचं फडकं त्या वाटेवर नीट फिरवलं तर वास निघतो आणि रांग तुटते. हळद, खडूची रेघ, लिंबाची साल यांनीही थोडा वेळ फरक पडतो, पण मुंग्या दोन हात बाजूनं दुसरी वाट काढतात. चुलीची कोरडी राख त्यापेक्षा बरी, मात्र ओली झाली की तिचा उपयोग संपला.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो. आपल्याकडं मुंग्या वाढल्या की पहिला हात जातो तो शेतातल्या औषधाकडं. उसाला, कपाशीला आणलेलं उरलेलं असतंच. कुणी उंबऱ्यात पावडर टाकतं, कुणी थिमेटचे दाणे भिंतीच्या फटीत, कुणी फवारणीचा पंप घेऊन स्वयंपाकघरातच उभं राहतं. थिमेट म्हणजे फोरेट. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. मिथाईल पॅराथिऑनची पावडर तर त्याच्याही आधी, २०१८ सालीच बंद झाली. तरी जुना डबा कोपऱ्यात पडलेला असतो. ही विषं मुंगीच्या नसांवर चालतात तशी माणसाच्याही नसांवर चालतात. उंबऱ्यातल्या पावडरीवरून रांगतं लेकरू जातं आणि हात तोंडात घालतं. कोंबड्या दाणे टिपतात. कणगीजवळ टाकलेली पावडर भाकरीपर्यंत यायला वेळ लागत नाही.

धान्यात ठेवायच्या गोळ्यांचं तर नावच काढू नका. ओल लागली की त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. भिंतीतल्या बिळात गोळी सरकवून वरून लिंपलं तरी वायू फटीतून घरात येतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. दुकानात मिळणारा मुंग्यांचा खडूसुद्धा कीटकनाशकच आहे. तो पाटीवरच्या खडूसारखा दिसतो म्हणून पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नये.

मग करायचं काय? रांग उलटी बघत जा. मुंग्या कुठून येतात ते बघायला सकाळी लवकर किंवा रात्री बॅटरी घेऊन बसा, दुपारच्या उन्हात त्या फारशा हलत नाहीत. फट सापडली की सिमेंट किंवा मातीशेणानं बुजवा. माठाच्या तिवईखालची जागा रोज पुसा, गळकी तोटी बदला, रात्री खरकटं मोरीत ठेवू नका. निम्मा त्रास एवढ्यानंच कमी होतो, हा माझा अनुभव आहे.

उरलेल्यासाठी आमिष. मेडिकलमध्ये बोरिक अ‍ॅसिड पावडर मिळते, किराणा दुकानात टाकणखार मिळतो. दोन्हींतलं एकच घ्या. एक कप कोमट पाण्यात आठ चमचे साखर आणि अर्धा चमचा पावडर विरघळवा. कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा आणि झाकण रांगेच्या कडेला. पावडर जास्त घालू नका. मुंगी वाटेतच मेली तर फायदा नाही. तिनं ते वारुळात नेऊन राणीला आणि पिल्लांना भरवलं पाहिजे. पहिले दोन दिवस रांग उलट वाढलेली दिसेल. तेव्हा घाबरून औषध मारू नका, ती रांग पुसूही नका. आठ-पंधरा दिवसांत मुंग्या कमी होतात. साखरेला तोंड लावत नसतील तर शेंगदाण्याच्या कुटात चिमूटभर मिसळून बघा, काही जातींना तेलकट आवडतं. आमिष सौम्य असलं तरी तेही विषच. लेकरं, कुत्री, कोंबड्या यांच्यापासून लांब, फळीच्या मागं ठेवा.

तान्ह्या बाळाची झोळी असेल तर दोरीला वरच्या कडीजवळ ग्रीसचा चार बोटं पट्टा द्या, मुंगी तो ओलांडत नाही. रॉकेलचं फडकं बांधायची पद्धत आहे, पण चूल जवळ असते तिथं ती नको. कपाटाचे किंवा खाटेचे पाय साबण घातलेल्या पाण्याच्या वाट्यांत ठेवा. साबण यासाठी की नुसत्या पाण्यावर मुंग्या तरंगून पार होतात. ते पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर डेंग्यूच्या डासाची सोय होईल. उबवणीला बसवलेल्या कोंबडीची पाटीही अशीच विटांवर आणि परातीतल्या पाण्यात ठेवा, नाहीतर लाल मुंग्या फुटलेल्या अंड्यात शिरून पिल्लू खातात.

आणि चुकून कुणाच्या पोटात शेतातलं औषध गेलंच, किंवा अचानक लाळ, घाम, उलट्या, दम लागणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं असं दिसलं, तर मीठपाणी पाजून उलटी करवत बसू नका. अंगावरचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन लावा आणि औषधाचा डबा किंवा पुडी सोबत घेऊन दवाखाना गाठा. त्या डब्यावरचं नाव वाचूनच डॉक्टर उलटं औषध ठरवतात.