बालकल्याण समितीचे बोलावणे आले तर

घरातून रुसून गेलेला मुलगा रेल्वे स्टेशनवर सापडतो, किंवा शाळेच्या वयाची मुलगी हॉटेलात कपबश्या विसळताना आढळते. मग बालकल्याण समितीचे बोलावणे येते आणि आईवडिलांचे हातपाय गळतात. भीतीपोटी काही जण जातच नाहीत, काही भांडायलाच जातात. नुकसान मात्र मुलाचे होते.

२०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार या समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. त्यांत निदान एक स्त्री. सापडलेले मूल, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत समितीपुढे आणावे लागते. घरच्या परिस्थितीची चौकशी १५ दिवसांत व्हावी असा नियम आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा कायद्याने शेवटचा उपाय मानला आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

म्हणून दिलेल्या तारखेला जावे. जन्मदाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड बरोबर न्यावे. घरात मारझोड किंवा कर्ज असेल तर लपवू नये. खोटे उघडे पडले की विश्वास जातो. निर्णयाची नक्कल मागून घ्यावी. तो पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येते.

आपल्या बेळगाव भागात कागद कन्नडात असतो आणि आईवडील मराठी शाळेत शिकलेले. न वाचता सही करणे म्हणजे कोऱ्या चेकवर सही करणे! शेजारी असे बोलावणे आले, तर मित्रहो, आपण बरोबर जाऊन कागद वाचून दाखवावा. दोन भाषा शिकल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.