काटेरी झाडातला गूळ

शेताच्या बांधावर घायपात पाहिलंय ना? काही भागांत त्याला केकताड म्हणतात. तलवारीसारखी जाड पानं आणि टोकाला दाभणासारखा काटा. त्याच्या पानांतून वाख काढून दोर वळतात, हे तुमच्या आजोबांना ठाऊक असेल. पण घायपात खातात, असं सांगितलं तर आजोबाही हसतील!

हे झाड मूळचं अमेरिकेकडचं. त्याचे भाऊबंद न्यू मेक्सिकोच्या कोरड्या डोंगरांवर उगवतात. तिथल्या अपाची लोकांतल्या एका गटाला स्पॅनिश लोकांनी नाव दिलं ‘मेस्कालेरो’, म्हणजे मेस्काल, अर्थात घायपात खाणारे. ते स्वतःला मात्र ‘न्दे’ म्हणतात. त्याचा अर्थ नुसता ‘माणसं’.

घायपात वर्षानुवर्षं फुलत नाही. गुपचूप साठा करत राहतं. मग एकदाच उंचच उंच दांडा येतो, फुलतो आणि झाड मरतं. अपाची बायका ही वेळ बरोबर हेरायच्या. दांडा फुटायच्या बेतात असला, की टोकदार लाकूड ठोकून झाड उपटायचं आणि पानं छाटायची. उरतो पांढरा, कोबीसारखा गड्डा. आता मोठा खड्डा खणायचा, त्यात दगड मांडून जाळ करायचा. दगड लालबुंद झाले की ओलं गवत, त्यावर गड्डे, पुन्हा गवत, वर माती. आणि वाट बघायची. कधी कधी चक्क चार दिवस!

एवढा उशीर का? गड्ड्यातल्या साखरेच्या कणांची लांब साखळी असते. ती आपल्या पोटाला तोडता येत नाही. वाफेत हळूहळू शिजताना ती तुटते आणि गड्डा काकवीसारखा गोड होतो. उसासारखा चघळायचा, चोथा थुंकायचा. उरलेला कुटून, थापून उन्हात वाळवायचा. आपल्या आंबापोळीचा लांबचा मामेभाऊच म्हणा! काट्याला चिकटलेला धागा ओढून काढला, की सुई-दोराही तयार.

डोंगर हेच ज्यांचं कोठार, त्यांना अमेरिकी सैन्यानं 1863 मध्ये पेकोस नदीकाठच्या बोस्के रेदोंदो या सपाट, उघड्या जागी नेऊन ठेवलं. पाणी खारट, मक्याला कीड, जळणही मिळेना. नोव्हेंबर 1865 मधल्या एका रात्री जवळजवळ सगळे मेस्कालेरो गुपचूप निसटले आणि आपल्या डोंगरांकडे गेले. मला तर ही गोष्ट लढायांच्या गोष्टींपेक्षा जास्त आवडते.

आज त्याच डोंगरांत त्यांची राखीव वस्ती आहे. मुली वयात आल्या की तिथे चार दिवसांचा सोहळा होतो आणि मेस्काल अजूनही भाजलं जातं.

हो, एक राहिलंच. बांधावरचं घायपात चावून बघू नका हं! कच्च्या रसानं अंगाला अशी खाज सुटते, की विचारू नका.